फीडर गेला की फोन येतो

गोरेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली)
मार्चमधला शेवटचा शनिवार

आदरणीय सोनाजी मामा,

तुम्हाला आणि मामींना रविंद्रचा मनापासून जयभीम. इकडं आई बरी आहे आणि मी आहे. (दोन्हीत फरक आहे, तो पुढं कळेल.) तुमचा खोकला हटला का, कानाची मशीन लावता की अजून ती उशाखालीच झोपते, मामींच्या गुडघ्याला त्या तेलानं काही फरक पडला का, हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो. पण टर्बाइनच्या शेजारी सारी नोकरी काढल्यापासून तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे इकडून मी ओरडायचं, तिकडून तुम्ही ओरडायचं, आणि मधल्यामधी आमच्या गल्लीनं सगळं ऐकायचं. या पत्रातला मजकूर गल्लीनं ऐकण्यासारखा नाही, म्हणून लिहून राहिलो.

तुमच्या वीज केंद्रातला जुना संच कायमचा बंद झाला, शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी बॉयलरला हार घातला, हे कळलं त्या दिवशी आई जेवली नाही. म्हणे भाऊ रिटायर व्हायच्या आधी त्याचा बॉयलर रिटायर झाला. मी तिला समजावलं की संच म्हातारा झाला होता, दोन बैलांचा कडबा खाऊन अर्ध्या बैलाचं काम करत होता, त्याला कुठवर ठेवणार. तिला पटलं. पण स्टँडवरच्या हिरासिंगच्या हॉटेलात ही बातमी वेगळीच पोचली. तिथं सगळ्यांची अशी समजूत आहे की या भागाची लाइट तुम्ही एकटेच फावड्यानं कोळसा टाकून चालवत होता. हिरासिंग गिऱ्हाइकांना सांगत होता, "सोनाजीभाऊनं भट्टी विझवली, अब कंदील निकालो." मला राग आला. (माझा राग तुम्हाला माहीत आहे, तो आधी येतो आणि मी मागून पोचतो.) मी म्हणालो, जुनं गेलं तर नवीन येईल. तो म्हणाला, कुठून? मी छाती ठोकून म्हणालो, माझ्याकडून. त्या दिवसापासून गावात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी माझ्या नावानं शिव्या आहेत.

तसं बोलायला मला थोडा आधार होता. गायरानावर जो सोलर प्लांट झाला आहे, शेतकऱ्यांच्या मोटरींना दिवसा लाइट द्यायला, तिथं मी कामाला लागलो होतो. हिंगोलीचे पुनमचंद शेठ ठेकेदार आहेत. त्यांनी मला साइट इंचार्ज म्हणून घेतलं, म्हणजे पॅनल धुणं, शेळ्या हाकणं आणि साहेब आले की खुर्ची पुसणं. सध्या हळदीचा मोसम आहे. शेजारच्या रानात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरतो आणि त्याची सगळी भुकटी वाऱ्यानं पॅनलवर येते. सकाळी बघावं तर पॅनलांच्या रांगा पिवळ्याधमक. हिरासिंग म्हणतो, पॅनलांना हळद लागली, तुला कधी लागते बघू. मी पाणी मारत राहतो.

कॉलेज काहून सोडलं, हे तुम्ही दर फोनला विचारता आणि मी दर फोनला "तत्त्वासाठी" म्हणतो. आता लिहूनच टाकतो. आमच्या वर्गात पल्लवी होती, इथल्याच कोंडीबा काकांची पोरगी. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, मुलींनी वह्या लिहा, मोटर पोरं जोडतील. मी ताडकन उठलो, सरांशी भांडलो, वही आपटली आणि वर्गाबाहेर पडलो. दारात असताना पल्लवीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं थांबवते. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं मधी पडायला? मी जोडणारच होते." तिनं मोटर जोडली, मोटर फिरली, ती पास झाली. मी तोवर हिंगोलीच्या एसटी स्टँडवर पोचलो होतो, आणि इतक्या लांब आल्यावर परत जायला तोंड उरलं नव्हतं. आता ती आमच्या सबस्टेशनात कंत्राटी ऑपरेटर आहे, आणि मी शेळ्या हाकतो. तत्त्व काय होतं ते मला आता नीट आठवत पण नाही.

आता मुद्द्याचं. (मामी, हे तुमच्यासाठी फोडून सांगतो. मामांना ठाऊक आहे.) सबस्टेशनातून आमच्या शिवाराला जी एक लाइन येते तिला फीडर म्हणतात. तिच्यावर पेलवेल त्याहून जास्त ओझं एकदम आलं की ती स्वतःहून बंद पडते. त्याला ट्रिप होणं म्हणतात. फीडर ट्रिप झाला की ऑपरेटरनं प्लांटवर फोन करून विचारायचं असतं, काय झालं. ऑपरेटर म्हणजे पल्लवी. प्लांट म्हणजे मी. ती माझं नाव घेत नाही. "साइट, फीडर गेला," एवढंच म्हणते. मी म्हणतो, "बघतो." ती म्हणते, "बघून सांग." मग मी बघून फोन करतो. म्हणजे एका ट्रिपला दोन फोन. मामा, कॉलेजात सगळं वर्ष ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

आणि फीडर रोज जायचा. कारण सांगितलं तर तुम्ही कपाळाला हात लावाल. आमच्याकडं लाइट म्हणजे मनात येईल तेव्हा येणारी पाहुणी. कधी अर्ध्या रात्री, कधी पहाटे. म्हणून प्रत्येकानं मोटरीला ऑटो बसवून ठेवला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. इतकी वर्षं चाललं, कारण तिकडं तुमच्यासारखे लोक ते जडशीळ चाक फिरवत बसले होते. मी लहान असताना तुम्ही आजीचं जातं फिरवून दाखवलं होतं, खुंटा सोडला तरी दगड आपल्या वजनानं फेरा मारतोच. तसं तुमचं टर्बाइन. इकडं कुणी धक्का दिला तरी ते आपल्या वजनानं सांभाळून घेत होतं. पॅनलला असं वजन नाही. ढग आला की खुंटा सुटला, आणि खुंटा सुटला की ते जागीच थांबतं. त्या ढगांसाठी बॅटरीचा एक पांढरा डबा आणून ठेवलाय, तो मधल्यामधी लाइन धरतो. (त्या डब्याला एसी आहे. त्यावरून गावात वेगळा असंतोष आहे. "आमच्या लेकरांला पंखा न्हाई, डब्याला एसी.") पण सकाळी लाइट सोडली की शिवारातल्या सगळ्या मोटरी ऑटोवर एकाच क्षणी उठायच्या, आणि उठताना मोटर किती ओढते हे तुम्हाला सांगायला नको. सेनगावच्या जीपमधी सगळेच एका दारानं घुसले की दारच निखळून हातात येतं आणि जीप जागेवर राहते, तसं. फीडर गेला. पल्लवीनं पुन्हा चढवला. सगळ्या मोटरी पुन्हा एकदम उठल्या. पुन्हा गेला. पुन्हा फोन.

शेठनी मला सांगितलं, रविंद्र, घरोघर जा आणि ऑटो काढायला लाव. मी गेलो. भांडणं झाली. दोघातिघांनी काढलेही. कोंडीबा काकांच्या मळ्यात मात्र मी कितीतरी दिवस पाऊलच टाकलं नाही. (कारण विचारू नका. सगळ्यांचे ऑटो निघाले तर फीडर जाणार नाही, आणि फीडर गेला नाही तर मी कुणाला "बघतो" म्हणणार?)

शेवटी एक दिवस फोन आला आणि तो "साइट, फीडर गेला" असा नव्हता. ती म्हणाली, "साइट, ऐक. माझ्या शिफ्टला सगळ्यात जास्त ट्रिप आहेत. बाहेरगावच्या ट्रेनिंगला नावं जाऊन राहिली. साहेब म्हणाले, जिला एक लाइन उभी ठेवता येत न्हाई तिला मोठं मशीन कोण देईल? तू करतो काय तिथं दिवसभर?" मी म्हणालो, पॅनल धुतो. तिनं फोन ठेवला. मी बराच वेळ पाण्याचा पाइप हातात घेऊन उभा होतो आणि पाणी माझ्याच पायावर पडत होतं.

म्हणजे आता बघा माझी गत. फीडर पडत राहिला तर ती इथंच राहणार, रोज फोन करणार आणि रोज थोडी जास्त चिडणार. फीडर उभा राहिला तर तिचं नाव जाणार, आणि मागोमाग ती जाणार. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी अडचण कुठल्या इंजिनिअरला आली असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोंडीबा काकांच्या मळ्यात गेलो. तिथं हळद शिजत होती. भाड्याचा वाफेचा बॉयलर ट्रॅक्टरमागं आला होता, धूर चढत होता आणि अर्धं गाव गोळा झालं होतं.

"काका, ऑटो काढा," मी म्हणालो.

"काहून?"

"सगळ्या मोटरी एकदम उठतात, लाइन पडते."

"मग बाकीच्यांचा काढ. माझी एकटी उठली तर पडंल का?"

(गावात प्रत्येकाचं हेच म्हणणं आहे, आणि प्रत्येकाचं खरं आहे.)

मी म्हणालो, आता लाइट दिवसा येते, बराबर येते, ऑटो हवाय कशाला? काका हळदीच्या ढिगावरून न उठता म्हणाले, "पोरा, या लाइटीनं मला उभा जलम रात्री उठवलं. इंचू-काट्यातून हिंडवलं. ऑटो बसवला तवा पैल्यांदा झोपलो. तू म्हणतो दिवसा येते. येऊ दे. दोन हंगाम बराबर आली की काढतो."

"पण ऑटो काढला न्हाई तर ती बराबर येणारच न्हाई."

"मग आल्यावर सांग."

मामा, यावर सगळे हसले. मला राग आला आणि मी नेहमीसारखा मागून पोचलो. मी ओरडलो की या बॉयलरसाठी तुमी काय करता? तो आज काकांकडं, उद्या त्यांच्या भावकीत, परवा नाल्यापलीकडं. कुठं लिहिलेलं नाही, पण सख्खा भाऊ सख्ख्या भावाची पाळी मोडत नाही. बांधावरून डोकी फोडणारी माणसं तुमी, बॉयलरपाशी शहाणी होता, मग लाइटीची पाळी काहून पाळत नाही?

मला वाटलं आता जिंकलो. काका म्हणाले, "बॉयलर दिसतो. धूर दिसतो. कोणाच्या रानात हाय ते लांबून कळतं. तुझी लाइट आज कोणापाशी हाय ते दाखव, पाळतो पाळी."

मी घरी आलो आणि आईला म्हणालो, हे लोक सुधारणार नाहीत. आई म्हणाली, त्यानं बराबर विचारलं की. जेवताना मलाही तसंच वाटायला लागलं, त्यामुळं जेवण गेलं नाही.

मग मी जे केलं त्याला कॉलेजात कुठलं नाव नसेल. प्लांटवर कॅमेऱ्याचा उंच खांब आहे. शेठनी कामगारांना दिलेली दोन जाकिटं होती, एक नारंगी, एक हिरवं. गावात सांगितलं: खांबावर नारंगी दिसलं की वरच्या अंगाच्या विहिरी, हिरवं दिसलं की खालच्या. आणि त्यातही सगळ्यांनी एकदम नाही. शेजाऱ्याच्या पाइपाला पाणी पडलेलं दिसलं की मग आपण बटण दाबायचं. क्रम कुठला? बॉयलरचाच. ज्याच्यामागं ज्याची हळद, त्याच्यामागं त्याची मोटर. समजावून सांगायची गरजच पडली नाही. सगळ्यांना तोंडपाठ होता. ऑटो एकेक करून निघाले. काकांनी आपला काढला नाही, नुसता बंद करून ठेवला. म्हणाले, कुत्रं बांधलं हाय, सोडायला येळ लागत न्हाई.

पहिल्या दिवशी पाणी एका पाइपावरून दुसऱ्या पाइपावर असं चालत गेलं की मी पॅनल धुवायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी धुवायला गेलो. ऊन लागू नये म्हणून खुर्चीवर पडलेलं जाकीट अंगात घातलं. ते नारंगी होतं. खांबावर हिरवं होतं. मी पॅनलच्या रांगेतून चालत गेलो आणि खालच्या मोटरी चालू असतानाच मला बघून वरच्या अंगाच्याही सगळ्या सुरू झाल्या. फीडर गेला. फोन आला.

"साइट, आता काय?"

"मी जाकीट घातलं."

"कुठलं?"

"नारंगी."

"खुंटीला लाव. आन् उन्हात जायचं तर डोक्याला रुमाल बांध." फोन बंद.

(पहिलं वाक्य ऑपरेटरचं आहे. दुसऱ्या वाक्यावर मी अजून विचार करून राहिलो.)

त्यानंतर फीडर गेला नाही. आज आठवडा होत आला. ढग आले, डब्यानं धरलं. लग्नाच्या मांडवाचे लाउडस्पीकर लागले, धरलं. उशिरा पेरलेल्या गव्हाचं शेवटचं पाणी झालं, भुईमुगाचं सुरू आहे. आणि माझा फोन मेल्यासारखा पडला आहे. काल मी आईच्या फोनवरून स्वतःला फोन लावून बघितला, वाजतो. हिरासिंगच्या हॉटेलात गेलो तर तो म्हणाला, "आजकाल तेरा नाम नहीं सुनाई देता, नोकरी गेली का?" मामा, लाइट जाते तेव्हा सगळं गाव माझं नाव घेत होतं. आता लाइट असते, तर मी आहे की नाही हे कुणाला माहीत नाही. तुम्ही सारा जन्म हे कसं काढलं? त्या धुराखाली, त्या आवाजात, कान देऊन बसलात, आणि इकडं बटण दाबणाऱ्या एकालाही कधी सोनाजी कोण ते विचारावंसं वाटलं नाही. मला आठवड्यातच थकवा आला. पाइप घेऊन उभं राहिलं तरी खाली बसावंसं वाटतं.

असो. मामींनी तेल सोडू नये. तुम्ही मशीन कानात घाला, उशीला ऐकू येऊन काय उपयोग? आईनं हळदीची पुडी बाजूला काढून ठेवली आहे, कुणी येणारं-जाणारं भेटलं की पाठवते. बाकी इकडं सगळं चालू आहे, आणि त्याचंच दुःख आहे.

तुमचा भाचा,
लाइन उभी ठेवून स्वतः आडवा झालेला,
रविंद्र

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. पल्लवीचं ते बाहेरगावचं ट्रेनिंग तुमच्याच केंद्रात आहे. तुमच्या जुन्या संचाचा बॉयलर तोडणार, पण जनरेटर ठेवून तो कोळशाशिवाय नुसता फिरता ठेवणार, लाइनला आधार म्हणून. त्याच मशीनवर हे ट्रेनिंग आहे. तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. तर कुणी विचारलं तर एवढंच म्हणा की जागा भरल्या, कॉलनीत पाणी येत नाही आणि राखेनं केस गळतात. आपल्या भाच्यासाठी एवढं करा.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं असं समजा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात कोंडीबा काका प्लांटवर आले. टॉवेलात गुंडाळलेला ऑटो माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "ठेव तुझ्यापाशी. फिरली लाइट, तर घेऊन जाईन." मग म्हणाले, "पोरगी ट्रेनिंगला जाते म्हणते. लांब हाय. मला त्यातलं कळत न्हाई. तुला लाइटीतलं कळतं म्हणून इचारतो, जाऊ देऊ का?" मामा, माझा राग जसा माझ्याआधी पोचतो तसंच माझं तोंडही पोचतं. मी म्हणालो, जाऊ द्या, काका, वर्गात मोटर तिनंच जोडली होती. ते गेले. त्यामुळं आता कुणी विचारलं तर पाणी भरपूर आहे म्हणा आणि केसांचं काढूच नका. तिला कॉलनीत चांगली खोली मिळेल असं बघा, शक्यतो मामींच्या नजरेसमोर.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं खरं कारण आता सापडलं. पाकीट पुन्हा फोडलं आहे, चिकटपट्टीकडं लक्ष देऊ नका. आत्ता तिचा फोन आला. मी उचलला आणि सवयीनं म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "काय बघतो? फीडर उभा आहे." मग म्हणाली, "रविंद्र, एक विचारायचं होतं. तुझे मामा तिकडं आहेत ना? कोळसा नाही, वाफ नाही, मग ते मशीन फिरतं कशानं, आणि नुसतं फिरून लाइनला धरतं कसं?" मला येत नव्हतं. मी म्हणालो, मामांना विचारून सांगतो. ती म्हणाली, "विचार. मग सांग." तर मामा, याचं उत्तर सोप्या भाषेत लिहून पाठवा. मशीनच्या पेपरात ती वर्गात पहिली होती, तिला हे माहीत नाही असं होऊ शकत नाही, मग मला काहून विचारलं, ते मामींना विचारून वेगळं कळवा. पण एक करा. उत्तर एकदम सगळं पाठवू नका. आज ते फिरतं कशानं एवढंच, मग जरा दम घेऊन ते धरतं कसं, मग राहिलेलं. पाळीनं पाठवा. सगळं एकदम आलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.